एक किक बाकी

संध्याकाळ झाली की मोटारसायकल दोरीने माडाला बांधून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहायला गेले त्या पहिल्याच दिवशी मला राहवलं नाही. "चोरांची भीती आहे का हो इथे?" मी विचारलं.

"चोरांची?" जनुभाऊ हसले. "न्हेईल बापडा. पन चालू कोण करंल?"

"मग दोरी कशाला?"

"भरतीला सरकली म्हंजे?"

समुद्र तिथून पाचशे पावलांवर होता. मध्ये डांबरी रस्ता होता, मराठी शाळा होती, एक पिठाची गिरणी होती. मी सांगलीची. समुद्राचं काय काय असतं मला ठाऊक नव्हतं, म्हणून सामान वर चढवायला लागले. पुढे कळलं की जनार्दन भाटकरांची चाळीस वर्षं मच्छीमारी लाँचवर इंजिन सांभाळण्यात गेली होती, आणि जे जे तेल पितं ते ते संध्याकाळी नांगरायचं, हे त्यांच्या अंगातच भिनलं होतं. बाजारात गेले तरी "गाडी पिंपळाखाली नांगरून आलो" असंच म्हणायचे.

रत्नागिरीजवळच्या त्या मिऱ्या गावात त्यांना सगळे जनुभाऊ म्हणत. अंगाने काटकुळे, आवाज मात्र वादळात शेजारच्या होडीला ऐकू जाईल असा. तळहाताच्या रेषांत ग्रीस कायमचं मुरलेलं. गाडीचं नाव मी सांगत नाही. साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, आणि आवाज ऐकल्यावर नाव विचारायची कुणाला गरज पडत नसे. टाकीला हिरवा रंग तीनदा दिला होता आणि चारदा उडाला होता. ज्या गाड्यांना सेल्फ-स्टार्ट असतो त्या सगळ्यांना जनुभाऊ 'बटणावरच्या' म्हणत, आणि म्हणताना असं तोंड करत की त्या गाड्या चांगल्या घरातल्या नाहीत अशी माझी खात्री पटत असे.

इंजिन मोकळं चालत असताना ते कसं चालावं याचं त्यांचं एक माप होतं. "दोन ठोक्यांच्या मधी बायकोचं नाव घेता आलं पायजे," ते म्हणत. आणि नुसतं म्हणत नसत, घेऊन दाखवत. डग... "सुलू"... डग... "सुलू"... डग. सुलू म्हणजे सुलोचनावहिनी. उंची चार फूट दहा इंच, वजन बहुधा त्या गाडीच्या पुढच्या चाकाएवढं. लग्नानंतर वीस वर्षं त्यांनी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन अख्खी रत्नागिरी पालथी घातली होती. नवरा अंगणात असं नाव घ्यायला लागला की त्या पदर तोंडाला लावून आत पळत. साठी ओलांडलेली बाई अशी लाजताना पाहून मलाच उगीच गुदगुल्या होत.

मी इथल्या एका कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवायला आले होते. इंजिन फळ्यावर काढायचं, चार रंगांच्या खडूंनी, हा माझा हातखंडा. तर पहिल्या रविवारी सकाळी खालून एवढा मोठा आवाज आला की मला वाटलं भांडण जुंपलंय. गॅलरीत येऊन पाहते तो अंगणात दोरी सोडलेली गाडी उभी, तिच्यासमोर जनुभाऊ, आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत वहिनी.

"बा देवा, वाडीच्या राखणदारा, खाडीच्या धन्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वहिनी.

"ही तुजी लेकरं आज बाजाराला निघाली हायत, म्हाराजा!" एवढं म्हणताना त्यांच्या डाव्या हाताने पेट्रोलचा कॉक उघडला.

"व्हय म्हाराजा!"

"टाकीतला थेंब खाली येव दे, म्हाराजा!" अंगठा कार्बोरेटरच्या खुंटीवर, पेट्रोल बोटाला लागेपर्यंत.

"व्हय म्हाराजा!"

"काटा मधोमध ऱ्हाव दे, म्हाराजा!" हँडलवरचा खटका दाबून किक हलकेच खाली, डोळा विजेच्या काट्यावर.

"व्हय म्हाराजा!"

"आनि कुणाची वाईट नजर आसंल, तर त्याची पंक्चर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि किक. डग, डग, डग. कोंबड्या चहूकडे पांगल्या.

कोकणात कामाला हात घालण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला होकार द्यायचा. देवळात, लग्नात, होडी पाण्यात लोटताना मी पुढे ते कितीदा तरी ऐकलं. पण मोटारसायकलसाठी ऐकलं ते याच अंगणात. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे नुसती बडबड, असं जनुभाऊंचं मत होतं.

"म्याडम!" त्यांनी वर पाहून हाक मारली. "पुढच्या रविवारी वरनं तुमी पन म्हना की. येकल्या बायकोचा आवाज पुरत नाय."

"मला नाही जमायचं," मी म्हणाले आणि आत पळाले. यंत्रासमोर उभं राहून ओरडायचं? माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं तर? ते दर रविवारी विचारत राहिले आणि मी दर रविवारी नाही म्हणत राहिले. एकदा मी जरा तोऱ्यातच म्हणाले, "इंजिन विज्ञानावर चालतं, जनुभाऊ."

"व्हय. आनि विज्ञान कुनावर चालतं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

हे मला झोंबलं. एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे एक किक मागितली. त्यांनी हसत हसत दिली. कशी मारायची तेही सांगितलं. "लात मारू नका हां. पावन्याला आपुन तिठ्यापत्तोर पोचवतो कनी, तसं तिला खालपत्तोर पोचवून या. अर्ध्यातनं माघारी फिरलात तर ती रागावतली." मी मान डोलावली. कॉक उघडला, खुंटी दाबली, काटा मध्यावर आणला. सगळं शास्त्रशुद्ध. गाऱ्हाणं तेवढं वगळलं आणि पाय टाकला. अर्ध्यात मला शंका आली. तेवढं तिला पुरलं. किक अशी उलटली की मी हवेतून जाऊन वहिनींनी चटईवर वाळत घातलेल्या सुकटीत पडले. चटईभर सुकट. वहिनी धावत आल्या आणि आधी सुकट किती चेंगरली ते पाहिलं, मग मला उठवलं. पुढचे दोन दिवस माझ्या वर्गात पहिला बाक रिकामा असे.

पण मीही मागे हटणारी नव्हे. पुढच्या रविवारी गॅलरीत मोबाइल घेऊन बसले आणि गाऱ्हाण्याला किती वेळ लागतो ते मोजलं. दोन मिनिटं दहा सेकंद. चार रविवार मोजलं, पाच सेकंदांचाही फरक नाही. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुना कॉक, आतून चोंदलेली नळी, पेट्रोल येणार थेंब थेंब. कार्बोरेटरची वाटी भरायला तिला नेमका तेवढाच वेळ लागत होता. मी जिन्यावरून धावत खाली गेले. "जनुभाऊ, गाऱ्हाण्याची काही गरज नाही! कॉक उघडून दोन मिनिटं नुसतं थांबलं की झालं!"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय तुमचं. पन दोन मिन्टं तितं गप उभं ऱ्हावून करायचं काय? देवाशीच बोलूया की."

मी मोबाइल घेऊन पुन्हा जिना चढले.

वर्षातून एकदा ही गाडी लांब जायची. महाशिवरात्रीला, वेळणेश्वरला. वहिनींचं ते माहेर. लग्न होऊन त्या इकडे आल्या त्याच गाडीवरून, जयगडची खाडी होडीने ओलांडून, आणि तेव्हापासून शिवरात्रीला दोघं त्याच वाटेने, त्याच गाडीवर देवदर्शनाला जात. आता खाडीवर फेरीबोट आली होती, एवढाच बदल. वहिनी आठवडाभर आधीपासून गुणगुणत असत. कुठली साडी, कुठली पिशवी, भावजयीसाठी किती सुकट. एरवी मोजकं बोलणारी बाई त्या आठवड्यात माझ्याशी इतकं बोले की माझे पेपर तपासायचे राहत.

दुसऱ्या वर्षी शिवरात्रीच्या महिनाभर आधी घोटाळा झाला. मुंबईकडून आलेली चारपाच तरुण मंडळी, चकचकीत गाड्या, कातडी जाकिटं, रस्त्यावरच्या टपरीवर चहाला थांबली. जनुभाऊंची गाडी पाहून त्यांतला एक आपुलकीने म्हणाला, "काका, या वयात किक कशाला मारता? सेल्फ बसवून घ्या ना."

तो बिचारा चांगलं सांगत होता. जनुभाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार. गाऱ्हाणं नेहमीसारखं सुरू झालं आणि शेवटी पंक्चरच्या जागी त्यांनी आवाज चढवला.

"आनि येत्या शिवरात्रीला ही माज्या दारात तीन लातांत चालू झाली नाय, तर ती माज्या दारात ठेवनार नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वहिनी सवयीने म्हणून गेल्या.

आणि मग दोघंही एकमेकांकडे पाहत राहिली. वहिनींनी जीभ चावली. पण होकार गेला होता. गाऱ्हाणं पुरं झालं होतं, आणि देवापुढे पुरं झालेलं गाऱ्हाणं मागे घ्यायचं नसतं.

"काळजी कशाला? ती तर दुसऱ्या किकला चालू होते," मी वरून म्हणाले. जनुभाऊ म्हणाले, "तेच तर!" पण तो महिनाभर ते गाडीचा नट न् नट पुसत होते.

शिवरात्रीची सकाळ. वहिनी जांभळ्या साडीत, पिशवी हातात, अंगणात अर्धी वाडी. गाऱ्हाणं झालं. पहिली किक: फुस्स. दुसऱ्या किकला जनुभाऊंच्या मनात काय आलं कोण जाणे; इतकी वर्षं दुसऱ्यांना जे सांगत आले तेच नेमकं ते विसरले. पाय अर्ध्यात अडखळला आणि किक उलटली. हाड मोडल्याचा आवाज मी गॅलरीतून ऐकला.

उजवा घोटा. दवाखाना, पट्टी, स्क्रू, प्लास्टर. त्या वर्षी वेळणेश्वर राहिलं. वहिनींनी जांभळी साडी घडी करून ठेवली. मला तेच फार लागलं.

जनुभाऊंना दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी लांज्याहून भाचा आला, प्रमोद. काजूचा कारखाना होता त्याचा, मनाने सरळ माणूस. मामाची गाडी पुढे त्याच्याकडे जायची हे कधीचंच ठरलेलं होतं. "मामा, तुमी जिवाला लावून घेऊ नका. मी न्हेतो तिला. सेल्फ बसवतो, बटण दाबलं की चालू."

जनुभाऊ खाटेवर ताडकन उठून बसले. "बटण? अरे, तिसरी किक बाकी हाय!"

आणि खरंच बाकी होती. देवाला तीन सांगितल्या होत्या, झाल्या दोन; शिवरात्र टळली म्हणून मोजणी टळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवस अर्ध्यात उघडा होता. मग त्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. जिथे होती तिथेच, अंगणाच्या मधोमध, ती माडाच्या झावळ्यांच्या झापांखाली उभी राहिली. वहिनी धुणं तिला वळसा घालून वाळत घालत. पोस्टमन तिला वळसा घालून येई. वाडीत कुणी विचारलं, "जनुभाऊ, बरं हाय काय?" तर उत्तर ठरलेलं: "येक बाकी हाय." प्लास्टर निघेपर्यंत या घरात दुसरं काही घडलंच नाही.

प्लास्टर निघालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं की या पायाने पुन्हा किक मारायची नाही. मारली तर स्क्रूसकट सगळं बाहेर येईल. जनुभाऊ घरी आले, दोन दिवस माडाला टेकून बसले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच लांज्याला फोन केला. "ये. टेंपो घेऊन ये." देवाला दिलेला शब्द त्यांना टाळता येत नव्हता. मला रडू आलं. नुसतं आलं नाही, गॅलरीत उभी राहून मी चांगली रडले. भाड्याचं घर, दुसऱ्याची गाडी, आणि मी यंत्रशास्त्राची प्राध्यापिका.

टेंपो आला. प्रमोदने फळी लावली. झापं बाजूला केली. आणि जनुभाऊ काठी टाकून लंगडत गाडीपाशी गेले आणि त्यांनी दुखरा पाय किकवर ठेवला. "शेवटची मारतो. मग घेऊन जा."

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या त्या सरळ हँडल धरून उभ्या राहिल्या. "उतरवा तो पाय."

"गो, नवस माजा हाय. पाय माजाच पायजे."

"तुमचा येकल्याचा? 'व्हय म्हाराजा' कोण बोलला? मी बोलले. मी गप ऱ्हायले असते, तर तुमचं बोलनं वाऱ्यावर गेलं असतं. निम्मा नवस माजा हाय. दोन लाता तुमच्या झाल्या. ही माजी."

जनुभाऊंनी पाय किकवरून खाली घेतला. वहिनींनी साडीचा काचा मारला. पडवीतले जनुभाऊंचे लाँचवरचे रबरी बूट पायांत घातले. ते त्यांच्या गुडघ्यापर्यंत आले. मग वहिनी त्या बिडाच्या धुडावर चढून उभ्या राहिल्या.

"पन मग व्हय म्हाराजा कोण म्हननार?" जनुभाऊंनी विचारलं.

दोघांनी एकदम वर पाहिलं.

मी खाली आले. अंगणात उभी राहिले. जनुभाऊंनी हात जोडले. "बा देवा, वाडीच्या राखणदारा, खाडीच्या धन्या, म्हाराजा!"

"होय महाराज," मी म्हणाले.

ते थांबले. "म्याडम, हजेरी देताय काय? देव खाडीपल्याड हाय, तितं ऐकू जाव दे."

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले. माझाच आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

"माज्या तोंडातनं वाकडा शबूद गेला, तो मी गिळत नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता प्रमोदही ओरडत होता. गाडी सुरू झाली तर ती आपल्याला मिळणार नाही, हे तो साफ विसरला होता.

"पन ह्या बाईनं माज्या मागं बसून जलमभर खड्डे खाल्ले हायत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गिरणीतून पिठाने पांढरी झालेली दोन माणसं धावत आली होती.

"तिची म्हायेरची वाट हाय ही. ती मोडू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वहिनींचे हात कॉकवर, खुंटीवर, खटक्यावर न बघता फिरत होते. किती हजार वेळा दारातून पाहिलं असेल त्यांनी. काटा मध्यावर आला. गाऱ्हाणं संपलं. त्यांनी डोळे मिटले आणि पूर्ण उंची, पूर्ण वजन घेऊन त्या किकवर चढल्या आणि तिला खाली, पार खालपर्यंत पोचवून आल्या.

एक क्षण काहीच झालं नाही.

मग निळ्या धुराचा एक लोट निघाला. डग. मग... डग. मग... डग.

मी नाचले. खोटं कशाला सांगू, त्या अंगणात मी प्रमोदचे दोन्ही हात धरून नाचले, आणि आमच्याभोवती पीठ उडत होतं. जनुभाऊ मात्र जागचे हलले नाहीत. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि ओठ तेवढे हलत होते, दर दोन ठोक्यांच्या मध्ये एकदा. वहिनी या खेपेला पळाल्या नाहीत. पळणार कशा, गाडीवर होत्या.

दुसऱ्याच दिवशी दोघं वेळणेश्वरला गेली. डॉक्टरांनी किक मारू नका सांगितलं होतं, गिअर टाकू नका असं काही म्हणाले नव्हते, हा जनुभाऊंचा मुद्दा. वहिनींनी जांभळी साडी नेसली, बूट घातले, किक मारली, बूट काढून पिशवीत टाकले आणि मागे बसल्या. त्या दिवसापासून तीच पद्धत पडली. आणि रविवारी गॅलरीतून कुणी ओरडायचं, हे आता कुणी विचारत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी माझी बदली झाली. बसस्टँडवर निरोप द्यायला जनुभाऊ तयार नव्हते. "स्टँडवर कसला निरोप? पावन्याला तिठ्यापत्तोर पोचवायचा." सांगलीची बस हातखंब्याच्या तिठ्याकडे निघाली आणि ती दोघं गाडीवरून बसच्या मागे-पुढे करत आली. वहिनी मला खिडकीतून काहीतरी ओरडून सांगत होत्या, बहुधा सुकट कशी ठेवायची ते.

तिठ्यावर बस थांबली, आणि समोर त्यांची गाडी बंद पडली.

वहिनी उतरल्या. पिशवीतून बूट काढले. पिशवी जनुभाऊंच्या गळ्यात अडकवली आणि काचा मारून गाडीवर चढल्या. जनुभाऊंनी भर हमरस्त्यावर हात जोडले. बसच्या घरघरीत मला त्यांचा शब्द ऐकू येत नव्हता, तोंड हलताना तेवढं दिसत होतं. होकार द्यायला तिथे कुणीही नव्हतं. कंडक्टरने दोनदा घंटा मारली आणि बस हलली.

मी खिडकी सरकवली, अर्धी बाहेर वाकले आणि होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडले, "व्हय म्हाराजा!"

कंडक्टर चमकला. पण माझ्यामागे बसलेले एक म्हातारबाबा झोपेतून दचकून जागे झाले आणि काय चाललंय ते न पाहताच त्यांनीही "व्हय म्हाराजा!" असा आवाज दिला. मग त्यांच्या मागच्या बाईने. मग अर्ध्या बसने. ड्रायव्हर हसत सुटला आणि त्याने बस हळू केली, पण थांबवली नाही.

बस वळली. किक मला दिसली नाही. खिडकीला कान लावून मी बसले होते. वळणाच्या मागून आवाज आला: डग... डग... डग. आणि त्या प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये काय होतं, ते सगळ्या बसमध्ये मला एकटीलाच ठाऊक होतं.